ऑनलाइन सर्जनशील लेखनाचा पहिला कोर्स: नाव नोंदवण्यापासून क्रेडिट जमा होईपर्यंत

दर सत्राच्या शेवटी तेच चित्र दिसतं. व्हिडिओ सगळे पाहून झालेले, हजेरी पूर्ण, आणि पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक लेखन आणि मसुद्यांचा संच, मात्र अर्धवट. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘वेळच मिळाला नाही.’ वेळ बहुधा मिळालेला असतो, पण भलत्याच ठिकाणी खर्च झालेला असतो. आधी व्हिडिओ, मग वाचन, मग नोट्स आणि मुदतीच्या रात्री लेखन, ही रीत इतिहासाच्या पेपरला चालून जाते. इथे गुण असतात ते लिहिलेलं दुसऱ्याला दाखवून पुन्हा लिहिण्याला. त्यासाठी कच्चा मसुदा मुदतीच्या बराच आधी हातात हवा. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत.

पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला कौशल्याचा किंवा ऐच्छिक विषय म्हणून हा कोर्स पहिल्यांदाच घेणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे.

## टप्पा १: कोर्स कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

‘ऑनलाइन सर्जनशील लेखन’ या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिला प्रकार कॉलेजच्याच विभागाचा कोर्स. गूगल क्लासरूम किंवा मूडलवर चालतो, प्राध्यापक ओळखीचे असतात, वर्गात पंचवीस-तीस जण असतात. इथे तुमचं लेखन माणूस वाचतो.

दुसरा ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणमंचावरचा. नोंदणी मोफत, व्हिडिओ आणि वाचनसाहित्य चांगलं, पण विद्यार्थीसंख्या मोठी असल्याने असाइनमेंटमध्ये बहुपर्यायी प्रश्नांचा भरणा असू शकतो. ‘स्वयम्’वरच असणाऱ्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या कोर्समध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागतात. एकीकडची तूट दुसरीकडून भरून निघत नाही.

तिसरा प्रकार कोर्सेरासारख्या ठिकाणचा. तिथे अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठाची सर्जनशील लेखनाची मालिका आहे. कथानक, पात्र, परिसरवर्णन आणि शैली यांचे वेगवेगळे कोर्स आणि शेवटी एक प्रकल्प. तपासणी सहाध्यायी करतात. इतरांच्या ठरावीक असाइनमेंट तुम्ही तपासल्याशिवाय तुमचा निकाल दिसत नाही, हे पुष्कळांना शेवटच्या दिवशी कळतं.

माझं मत विचाराल तर पहिला कोर्स पहिल्या प्रकारातला घ्या. व्हिडिओ साधे असतील, प्राध्यापकांचा माइक खरखरेल, पण तुमची गोष्ट वाचून ‘हे मला कळलं नाही’ म्हणणारं माणूस तिथेच भेटतं. कॉलेजात तसा कोर्स नसेल तर ‘स्वयम्’ घ्या आणि चार मित्रांचा वाचनगट स्वतः जमवा. त्या गटाशिवाय सातवा आणि आठवा टप्पा पार पडणार नाहीत.

## टप्पा २: नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या

कोर्स सुरू झाल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो.

क्रेडिट, म्हणजे पदवीत मोजले जाणारे श्रेयांक, मिळणार का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ‘स्वयम्’वरून करता येतात. पण तुमच्या विद्यापीठाने आणि कॉलेजने तो विशिष्ट कोर्स मान्य केलेला असावा लागतो. कॉलेजमधल्या ‘स्वयम्’ समन्वयकांना कोर्सचं नाव, कोड आणि क्रेडिट दाखवून ईमेलवर होकार घ्या. कॉरिडॉरमधलं ‘हो हो, चालेल’ निकालाच्या वेळी कुणाला आठवत नाही.

किती तास जाणार? साधारणपणे एका क्रेडिटला तासिकांचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास धरतात. म्हणजे दोन क्रेडिटचा प्रात्यक्षिक कोर्स ६० तासांचा झाला. पंधरा आठवड्यांवर वाटला तर आठवड्याला चार तास. ते वेळापत्रकात कुठे बसतात ते आजच बघा.

लेखन कोणत्या भाषेत? कोर्स इंग्रजीत असला तरी काही प्राध्यापक मराठीत लेखन स्वीकारतात, काही नाही. ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेत संवाद चांगले उतरतात, म्हणून विचारून तरी बघा.

नाव आणि ईमेल. ‘स्वयम्’वर ज्या ईमेलने नाव नोंदवलं त्याच ईमेलने परीक्षेचा अर्ज भरा. नावाचं स्पेलिंग कॉलेजच्या नोंदीप्रमाणेच ठेवा. ‘अपार’ आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळालेली क्रेडिट जमा होतात ते, खातं डिजिलॉकरवरून याच टप्प्यात काढून घ्या.

> सावधान: कोर्सला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेलाही नोंदवलं असं नाही. परीक्षेचा अर्ज वेगळा, त्याचं शुल्क वेगळं आणि मुदतही वेगळी. ती तारीख पहिल्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

## टप्पा ३: टायपिंग आणि फाइलची व्यवस्था

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण मराठीत लिहिणाऱ्यांचे बरेच गुण इथेच सांडतात.

युनिकोडमध्येच लिहा. घरच्या जुन्या संगणकावर श्रीलिपी किंवा कृतिदेव असेल आणि त्यात टाइप केलंत, तर तोच फॉण्ट नसलेल्या संगणकावर प्राध्यापकांना अगम्य चिन्हांची रांग दिसते. मोबाइलवर जीबोर्डचा मराठी कळफलक पुरतो, संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घेतलात तर उत्तमच. बोलून टाइप करायची सोय पहिल्या खर्ड्याला झकास, पण विरामचिन्हं तुम्हालाच घालावी लागतात आणि संवादांची अवतरणचिन्हं तर हमखास राहतात.

दोन अक्षरं आधीच तपासून ठेवा. ‘दुसऱ्या’, ‘साऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ नीट उमटतो की ‘दुसर्या’ होतो? आणि ‘ॲ’ एकसंध येतो ना? येत नसेल तर कळफलक बदला. शेवटच्या रात्री तीसेक ठिकाणी हाताने दुरुस्त्या करत बसावं लागतं ते टळेल.

लेखन गूगल डॉक्समध्ये करा. त्यातला आवृत्त्यांचा इतिहास आपोआप साठत जातो आणि पुढे दोनदा कामाला येतो: जुना परिच्छेद परत हवा असतो तेव्हा, आणि ‘हे तुम्हीच लिहिलंय का?’ असा प्रश्न येतो तेव्हा.

फाइलचं नाव ‘कथा फायनल’, ‘कथा फायनल नवी’, ‘कथा खरंच फायनल’ असं देऊ नका. आडनाव, असाइनमेंटचा क्रमांक आणि मसुद्याचा क्रमांक एवढं पुरे.

शब्दमर्यादेचंही बघून ठेवा. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. इंग्रजी कोर्समध्ये मराठीत लिहायची परवानगी मिळाली असेल, तर मर्यादा तीच राहणार का ते विचारा.

> तपासा: दहा ओळींची नमुना फाइल पीडीएफ करून मित्राच्या मोबाइलवर उघडून बघा. जोडाक्षरं फुटत नसतील तरच पुढे जा.

## टप्पा ४: आठवडा मुदतीपासून मागे मोजा

अभ्यासक्रमाचा आराखडा पहिल्याच दिवशी छापून घ्या किंवा वहीत उतरवा. गुण कशाला किती आहेत याखाली रेघ मारा. बऱ्याच कोर्समध्ये चर्चेतला सहभाग आणि इतरांना दिलेला अभिप्राय यांनाही गुण असतात, आणि विद्यार्थी नेमके तेच सोडून देतात.

मग प्रत्येक असाइनमेंटची मुदत लिहून मागे मोजा. समजा, रविवारी रात्री द्यायचं आहे. तर शनिवारी फक्त शुद्धलेखन आणि फाइल. शुक्रवारी दुसरा मसुदा. गुरुवारी हात लावायचा नाही. बुधवारी पहिला मसुदा पूर्ण. सोमवार-मंगळवारी वाचन, सराव आणि व्हिडिओ. गुरुवारची सुट्टी वाया गेली असं वाटतं, पण एक दिवस नजरेआड ठेवलेला मजकूर शुक्रवारी परका वाटतो आणि चुका दिसायला लागतात.

व्हिडिओ मसुद्याच्या आधी बघायचे की नंतर? एकदा आधी, जेवता जेवता. मसुदा झाल्यावर पुन्हा एकदा, कामाच्या भागापुरते. दुसऱ्या वेळी त्यातली उदाहरणं भलतीच ओळखीची वाटतात, कारण आता तीच अडचण तुमच्या कागदावर असते.

परदेशी कॉलेजचा कोर्स घरबसल्या घेत असाल तर मुदतीची वेळ कुठली ते आधी बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रात्रीचे ११:५९ म्हणजे तिथे उन्हाळी वेळ चालू असताना भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे ९:२९, आणि हिवाळ्यात १०:२९. तिथलं घड्याळ नोव्हेंबरात बदलतं, आपलं बदलत नाही.

## टप्पा ५: वाचन, पण लिहिणाऱ्याच्या नजरेने

दिलेली कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा वाचक म्हणून, एका बैठकीत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि फक्त तीनच गोष्टींसाठी: पहिल्या परिच्छेदात लेखकाने काय सांगितलं आणि काय दडवलं, वेळ कुठे उडी मारते, आणि संवाद कुठे सुरू होऊन कुठे तुटतो.

‘लेखकाने यातून समाजातील विषमतेवर प्रकाश टाकला आहे’ अशी वाक्यं बारावीच्या उत्तरपत्रिकेत शोभतात. इथे कथेचा आशय कुणी विचारत नाही. ती कशी बांधली आहे ते विचारतात. चर्चेत लिहायचं तर एका जागेवर बोट ठेवून लिहा: ‘तिसऱ्या पानावर बाई दार लावून घेते तिथे लेखक तिच्या मनातलं काहीच सांगत नाही, त्यामुळे मी थांबून तो परिच्छेद परत वाचला.’ एवढं पुरे.

## टप्पा ६: सराव आणि पहिला मसुदा

सरावाला दहा-पंधरा मिनिटांची वेळ लावा आणि हात थांबू देऊ नका. सरावातलं लेखन कुणाला दाखवायचं नसतं, त्यामुळे तिथे वाईट लिहायची मुभा आहे.

पहिल्या मसुद्यात मात्र एक दोष इतका सर्रास दिसतो की तो जवळून बघायला हवा. विषय असा दिला आहे: ‘पात्राची गाडी चुकते.’ बहुतेक मसुदे असे येतात:

*रमेश धावतपळत स्टँडवर पोहोचला. पण त्याची गाडी निघून गेली होती. तो खूप निराश झाला. त्याच्या डोळ्यांसमोर अंधार पसरला. आता काय करावे हे त्याला कळेना. त्याचे मन उदास झाले.*

सहा वाक्यं, त्यातली चार एकच गोष्ट सांगतात. रमेशच्या जागी सुरेश घाला, स्टँडच्या जागी स्टेशन घाला, काही बिघडत नाही. आता हे बघा:

*रमेश पोचला तेव्हा सहा नंबरच्या फलाटावर डिझेलचा वास होता, गाडी नव्हती. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, ‘पुढची सव्वासातला. निमआराम.’ रमेशने खिशात हात घातला आणि नोटा बाहेर न काढताच बोटांनी मोजल्या.*

इथे ‘निराश’ हा शब्द नाही. निमआरामचं तिकीट साध्या गाडीपेक्षा महाग हे एसटीने फिरणाऱ्या वाचकाला माहीत आहे, आणि नोटा चारचौघांत मोजायची रमेशला लाज वाटते हेही कळतं. शब्द जवळपास तितकेच लागले.

दुसऱ्या परिच्छेदासारखं पहिल्याच फटक्यात लिहायचं, असा याचा अर्थ घेऊ नका. पहिला मसुदा पहिल्या परिच्छेदासारखाच येऊ दे. तो दुसऱ्यासारखा होतो नवव्या टप्प्यात. इथे तपासायचं ते एवढंच: गोष्ट सुरू होऊन संपते का? मधेच अडलात तर चौकटी कंसात ‘इथे आई-मुलाचं भांडण’ असं लिहा आणि पुढे चला. सुरुवातीचा परिच्छेद घोटत बसणारे शेवटापर्यंत पोचत नाहीत.

कवितेच्या आठवड्यात यमकासाठी अर्थ वाकवू नका, आणि मुक्तछंद म्हणजे गद्याच्या ओळी तोडणं असंही समजू नका. ओळ जिथे तुटते तिथे का तुटली, हे एका वाक्यात सांगता यायला हवं. ललित गद्यात घरच्या माणसांवर लिहाल, ते वर्गातले सगळे वाचणार आहेत. काकूचं आजारपण किंवा भावाचं कर्ज लिहिण्याआधी नावं, गाव आणि ओळखीच्या खुणा बदला.

> सावधान: एआयच्या बाबतीत कॉलेजचा नियम काय आहे ते लेखी विचारा, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा आहे. कोर्सने मुभा दिली असली तरी मसुदा त्याच्याकडून लिहून घेऊ नका. ज्या सरावासाठी कोर्स घेतला तो सरावच मग होत नाही. शिवाय आवृत्त्यांच्या इतिहासात पंधराशे शब्द एका क्षणात डकवलेले लगेच दिसतात. व्हॉट्सॲपवर ‘अनामिक’ म्हणून फिरणाऱ्या कवितांचंही तेच. त्या कुणाच्या तरी असतात, आणि प्राध्यापकांच्या मोबाइलवरही आलेल्या असतात.

## टप्पा ७: दुसऱ्याच्या लेखनावर अभिप्राय

याला कुणी ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतं, कुणी ‘वर्कशॉप’. ऑनलाइन वर्गात सगळ्यात वाईट होतं ते हेच काम. एक तर ‘खूप छान! लिहीत रहा’ आणि खाली हात जोडल्याची खूण, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांची जंत्री. दोन्हींचा लेखकाला उपयोग शून्य.

अभिप्रायाला तीन भाग ठेवा, याच क्रमाने.

१. काय वाचलं ते सांगा. ‘एका मुलाची गाडी चुकते, पुढच्या गाडीला पैसे कमी आहेत, तो कुणाला फोन करायचा ते ठरवतोय.’ लेखकाला जे सांगायचं होतं तेच पोचलं की दुसरंच काही, हे त्याला इथे कळतं. हा भाग बहुतेक जण गाळतात. खरं तर तोच सगळ्यात मोलाचा.

२. कुठे गुंतलात ते जागेसह सांगा. ‘नोटा बोटांनी मोजतो तिथे मला तो माणूस दिसला.’

३. कुठे सुटलात ते सांगा. ‘तो कुठे निघालाय हे दुसऱ्या पानापर्यंत कळत नाही, म्हणून गाडी चुकल्याचं मला काही वाटलं नाही.’

उपाय सुचवायचा मोह टाळा. ‘त्याला मुलाखतीला जायचं आहे असं कर’ हे तुम्ही सांगायचं नसतं. ती गोष्ट तुमची नाही. अडचण दाखवा आणि थांबा. शुद्धलेखनाच्या चुका खटकल्याच तर शेवटी एका ओळीत: ‘पहिल्या वेलांट्या एकदा बघून घे.’

अभिप्राय मुदतीच्या दिवशी देऊ नका. तुम्ही उशिरा दिलात तर समोरच्याला दुसरा मसुदा करायला वेळच उरत नाही, आणि तुमच्या वाट्यालाही मग तसाच घाईचा अभिप्राय येतो.

> तपासा: तुमचा अभिप्राय दुसऱ्या एखाद्या कथेखाली जसाच्या तसा चिकटवता येतो का? येत असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ८: स्वतःच्या लेखनावरचा अभिप्राय ऐकणं

इथला नियम जुना आहे: लेखकाने गप्प बसायचं. ऑनलाइन वर्गात हे जास्त अवघड जातं, कारण उत्तराची चौकट समोर उघडीच असते. कुणी ‘शेवट कळला नाही’ लिहिलं की पाच मिनिटांत लेखकाचं स्पष्टीकरण हजर: ‘अरे, तो खरं तर आधीच मेलेला असतो.’ हे स्पष्टीकरण कागदावर नव्हतं म्हणूनच तर कळलं नाही! उत्तरादाखल ‘वाचल्याबद्दल आभार’ एवढंच लिहा.

सगळे अभिप्राय एका पानावर उतरवून घ्या आणि तीन खुणा करा. दोघा-तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर ती जागा दुरुस्त करायचीच, त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नसले तरी. एकानेच म्हटलेलं पण तुम्हालाही आतून खुपत होतं, तेही घ्या. उरलेलं सोडून द्या. सगळ्यांचं ऐकून लिहिलेली कथा कुणाचीच राहत नाही.

प्राध्यापकांचा शेरा कळला नाही तर नेमका प्रश्न विचारा. ‘सर, काय चुकलं?’ याला उत्तर देणं कठीण. ‘मॅडम, दुसऱ्या प्रसंगात दृष्टिकोन बदलतो असं तुम्ही लिहिलंय, तो फोनच्या ओळीपासून बदलतो का?’ याला एका मिनिटात उत्तर मिळतं.

## टप्पा ९: पुनर्लेखन

पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखन तपासणं, हा सर्वात चिवट गैरसमज. दोन मसुदे शेजारी ठेवले आणि फरक फक्त वेलांट्यांचा दिसला, तर प्राध्यापक पुनर्लेखनाचे गुण देत नाहीत.

मोठ्यापासून लहानाकडे जा. आधी प्रसंग: कुठला प्रसंग अजिबात नको? कुठला राहून गेला? रमेशच्या कथेत तो कुठे निघालाय हे पहिल्या पानावर यायला हवं. पण ‘त्याला बहिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं’ असं सरळ न सांगता त्याच्या हातात मिठाईचा पुडा देता येईल, दोरी सैल झालेला. मग परिच्छेदांचा क्रम. मग संवाद. वाक्यं त्यानंतर, आणि शब्द सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने गेलात तर तासभर घासलेला परिच्छेद नंतर पुरता काढून टाकावा लागतो, आणि मग तो काढवत नाही.

संवाद मोठ्याने वाचा. शक्य असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ‘आई, मी आज अत्यंत व्यथित आहे’ असं कुणी बोलत नाही, हे डोळ्यांआधी कानाला कळतं. निवेदन प्रमाण भाषेत आणि माणसं त्यांच्या बोलीत, हे चालतं. मात्र जी बोली तुमच्या कानावर नाही ती मालिकांमधून उचलू नका. मालवणी किंवा वऱ्हाडी वाचक पहिल्याच वाक्याला पकडतो.

शेवटाकडे खास लक्ष द्या. नवशिक्या कथांचा शेवट बहुतेक वेळा अपघात, आत्महत्या किंवा ‘आणि त्याला जाग आली’ यांपैकी एक असतो. शेवटचा परिच्छेद झाकून बघा. त्याच्याशिवाय कथा संपल्यासारखी वाटली तर तो गाळा. अर्ध्याअधिक वेळा तो गाळावाच लागतो.

> तपासा: ‘खूप’, ‘अतिशय’, ‘अचानक’, ‘जणू’ हे शब्द फाइलमध्ये शोधा. प्रत्येक ठिकाणी शब्द काढून वाक्य वाचा. बिघडलं तरच परत घाला.

## टप्पा १०: पोर्टफोलिओ आणि मनोगत

पोर्टफोलिओत सहसा निवडक लेखन, त्याचे मसुदे आणि एक छोटं मनोगत मागतात. मसुदे म्हणजे सगळे, अगदी लाजिरवाणा पहिलाही. तो जितका कच्चा, तितकी तुमची वाटचाल स्पष्ट दिसते. म्हणून जुने मसुदे पुसून टाकू नका.

मनोगतात ‘लेखनाची आवड मला लहानपणापासून होती’ ही सुरुवात टाळा. काय बदललं आणि का, एवढंच सांगा. ‘पहिल्या मसुद्यात रमेशची लाज मी शब्दांत सांगितली होती. दोघांनी ती पटली नाही म्हटलं. मग नोटा मोजण्याचा प्रसंग आला.’ अशा पाच-सहा नोंदी झाल्या की मनोगत तयार. दिलेला एखादा अभिप्राय तुम्ही मुद्दाम स्वीकारला नसेल तर तेही कारणासह लिहा. त्याने गुण कमी होत नाहीत.

आता शुद्धलेखन. प्रमाणलेखनाचे १८ नियम समोर ठेवून एकदा, आणि शेवटच्या वाक्यापासून पहिल्याकडे असं उलट वाचत एकदा. उलट वाचताना गोष्टीत वाहून जायला होत नाही.

फाइल देताना या चुका ठरलेल्या आहेत:

- क्लासरूममध्ये फाइल जोडली, पण ‘टर्न इन’ दाबलंच नाही.
- मूडलवर फाइल चढवली, पण स्थिती ‘ड्राफ्ट’च राहिली, शेवटचं सबमिट बटण वेगळं असतं.
- डॉक्सची लिंक दिली, पण परवानगी बंद. प्राध्यापकांना ‘ॲक्सेस मागा’ असं दिसतं.
- चुकीचा मसुदा चढवला.

दिल्यावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये लिंक उघडून बघा आणि स्थितीचा स्क्रीनशॉट ठेवा. तक्रारीची वेळ आली तर तोच पुरावा.

## टप्पा ११: क्रेडिट आणि कोर्सनंतरची आवराआवर

कॉलेजचा कोर्स असेल तर गुणपत्रिकेत कोर्सचा कोड आणि क्रेडिट नीट आलेत का बघा. ‘स्वयम्’ असेल तर प्रमाणपत्र हाती येताच कॉलेजकडे जमा करून पोच घ्या. क्रेडिट गुणपत्रिकेत चढवण्याचं काम आपोआप होईल असं धरून चालू नका. काही आठवड्यांनी क्रेडिट बँकेच्या खात्यात नोंद दिसते का तपासा. दिसत नसेल तर दुसऱ्या टप्प्यातला होकाराचा ईमेल आणि पोच घेऊन परीक्षा विभागात जा.

कथा चांगली उतरली असेल तर ती लगेच फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर टाकायची घाई नको. बऱ्याच स्पर्धा आणि दिवाळी अंक अप्रकाशित साहित्यच मागतात, आणि समाजमाध्यमावर टाकलेलं काही ठिकाणी प्रकाशित धरलं जातं. पाठवायचं असेल तर दिवाळीची वाट बघू नका. अंकांचं साहित्य कितीतरी महिने आधी गोळा व्हायला लागतं.

आणि कॉलेजच्या ईमेलवर असलेले सगळे मसुदे, अभिप्राय आणि टिपणं स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या. पदवी झाली की बरीच कॉलेजं ते खातं बंद करतात, आणि मग फाइलसाठी कार्यालयात खेटे घालावे लागतात.